बांधकाम लेट का होतं आणि मुदतवाढ कोणाला मिळते: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसा, हुडकेश्वर, वाठोडा, जामठा, कोराडी रोड, मेसेज कुठूनही येवो, मजकूर तोच असतो: "भाऊ, काम लेट झालं, आता काय करू?" अर्धं आयुष्य साइट इंजिनिअर म्हणून काढलंय आणि माझं स्वतःचं घरही ११ महिन्यांचं बोलून १९ महिन्यांत उभं राहिलं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताप मला माहीत आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. फ्लॅट घेणारे, स्वतःच्या प्लॉटवर बांधणारे आणि ठेकेदार, तिघांचेही आहेत, आपापला शोधून वाचा.

१. काम लेट झालं हे नेमकं कोणत्या तारखेपासून धरायचं? बिल्डर एक तारीख सांगतो, रेराच्या साइटवर दुसरीच दिसते.

तुमच्या रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटमध्ये ताब्याची जी तारीख लिहिली आहे ती धरायची. रेराच्या (म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाच्या) साइटवरची तारीख ही बिल्डरने नोंदणी करताना स्वतः दिलेली असते आणि पुष्कळदा ती अ‍ॅग्रीमेंटपेक्षा पुढची असते. नवी तारीख रेराला कळवली म्हणून तुमच्याशी केलेला करार बदलत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केलंय. ब्रोशरवरची तारीख, सेल्स ऑफिसमधल्या माणसाने तोंडी सांगितलेली दिवाळी किंवा गुढीपाडवा, यांच्यावर दावा उभा करणं फार अवघड जातं, म्हणून सही करायच्या आधी ती तारीख अ‍ॅग्रीमेंटमध्ये दिवस-महिना-वर्षासकट लिहून घ्या.

२. उशिराची खरी कारणं कोणती आणि बहाणा कोणता, हे आमच्यासारख्याला कसं कळणार?

आपण चूक इथेच करतो, कारण खरं की खोटं यावर भांडत बसतो. कारण बहुतेक वेळा खरंच असतं हो, पाऊस खरंच पडला होता, रेती खरंच नव्हती, लेबर खरंच गावाला गेले होते. विचारायचे दोन प्रश्न वेगळे आहेत. एक, हे कारण तारीख देताना माहीत होतं का? दोन, त्या कारणाने मोजून किती दिवस गेले?

पहिल्या प्रश्नावरच अर्धी कारणं गळून पडतात. आपल्या साइटवर छत्तीसगड आणि बालाघाटकडचे मिस्त्री, रेजा (महिला मजूर), कुली मोठ्या संख्येने असतात, ते होळीला जातात, धानाच्या रोवणीला जातात, दिवाळीला जातात, हे दरवर्षीचं आहे आणि नागपुरात दोन इमारती बांधलेल्या कोणालाही ते पाठ असतं. ज्याने हे दिवस न धरता तारीख दिली त्याने शेड्यूलच चुकीचं दिलं. याउलट २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि माणसं पायी गावी निघाली, ते कोणत्याच शेड्यूलमध्ये बसणारं नव्हतं, आणि म्हणूनच महारेराने त्या वर्षी मे महिन्यात प्रकल्पांना ६ महिने वाढ दिली.

दुसऱ्या प्रश्नासाठी साइटचं रोजचं रजिस्टर लागतं, त्याबद्दल प्र. १२ मध्ये आहे. आणि एक कारण असं आहे जे कोणी कधीच उघड बोलत नाही, ते म्हणजे पैसा. एका स्कीमचा पैसा दुसऱ्या स्कीमच्या जमिनीत गेला की पहिल्या साइटवर आधी सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा आणि टेकू लावणारा) यायचा बंद होतो, मग लोह्याची गाडी बंद होते, आणि ग्राहकाला सांगितलं जातं की "मंजुरी अडकली". रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायला लावलाय तो यासाठीच, त्यातून पैसे काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांची सर्टिफिकेटं लागतात आणि दर तीन महिन्यांची प्रगती रेराच्या साइटवर टाकावी लागते. ती प्रगती उघडून बघा, दोन तिमाह्यांचे आकडे सारखेच असतील तर काय चाललंय ते समजून घ्या.

३. पायात काळी माती जास्त निघाली म्हणून ठेकेदार दोन महिने वाढवून मागतोय. द्यायचे का?

सॉइल टेस्ट कोणाची जबाबदारी होती त्यावर आहे. आपल्या भागातली काळी कपाशीची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्यामुळे फुटिंग (पायाचा तळ) तिच्यावर टेकवत नाहीत, खाली मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत खोदत जातात. हा थर एका प्लॉटवर लवकर लागतो आणि शेजारच्या प्लॉटवर बराच खाली, जुना नाला बुजवून पाडलेलं लेआउट असेल तर अजूनच खाली. टेस्ट न करताच तुम्ही घाईने काम सुरू करायला लावलं असेल तर जास्तीच्या खोदकामाचे दिवस आणि पैसे तुमच्याकडे येतात. टेस्ट झाली होती, रिपोर्टमध्ये खोली लिहिली होती आणि ठेकेदाराने तो वाचला नाही, तर ते दिवस त्याचे. आणि रिपोर्टमध्ये एक होतं, खोदल्यावर वेगळंच निघालं, तर वाढ देणं रास्त आहे, पण खोदकामाच्या खऱ्या दिवसांपुरतीच. घराच्या एकूण खर्चापुढे टेस्टचा खर्च किरकोळ असतो, तो कृपा करून वाचवू नका.

४. पाऊस आणि ऊन यासाठी मुदतवाढ मिळते का?

नेहमीच्या पावसासाठी नाही, नेहमीच्या उन्हासाठी पण नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असणार हे गृहीत धरूनच शेड्यूल बनतं. वेगळं काय असतं तर २३ सप्टेंबर २०२३ सारखी रात्र, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये घरात पाणी शिरलं. त्या पट्ट्यात ज्याचं बेसमेंट भरलं, सिमेंट भिजलं, त्याने पाणी काढायचे आणि दुरुस्तीचे दिवस मागितले तर ते बरोबर. पण कामठी रोडवर तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर चालू असलेल्याने तोच पूर दाखवून दोन महिने मागितले तर नाही.

उन्हाचं थोडं सविस्तर सांगतो कारण याबद्दल कोणी विचारत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि ४४-४५ तर आपल्याला दर मे महिन्याचंच आहे. हवेचं तापमान ४० च्या वर गेलं की भारतीय मानकांनुसार ते उष्ण हवामानातलं काँक्रीट होतं, पाणी लवकर उडतं, स्लॅबवर केसासारख्या भेगा येतात, म्हणून ओतकाम पहाटे किंवा संध्याकाळनंतर करतात, गिट्टीवर पाणी मारून ती थंड ठेवतात आणि क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) किमान १० दिवस करतात. यात दिवसाचे कामाचे तास कमी होतात हे खरंय, पण दुपारी साडेबारा ते चार मजूर उन्हात नसणं हा उशीर समजूच नका, त्या माणसांचा जीव आहे तो, शेड्यूल त्या हिशेबाने बनवा.

५. रेतीचं काय? दर वर्षी रेतीमुळे काम बंद, हे कारण चालतं का?

पावसाळ्यात नदीतून रेती उपसायला बंदी असते, घाटांचे लिलाव आणि पर्यावरण मंजुरी लांबली की बंदी उठल्यावरही गाड्या येत नाहीत, आणि मग कन्हानची किंवा भंडाऱ्याकडची वैनगंगेची रेती परवडेनाशी होते. यातली पावसाळ्याची बंदी दर वर्षाची आहे, त्यासाठी साठा मे मध्ये करायचा असतो, म्हणून ते कारण चालत नाही. लिलाव अचानक रद्द झाला किंवा कोर्टाने, हरित न्यायाधिकरणाने उपसा थांबवला तर कारण ऐकण्यासारखं आहे, पण तेव्हाही विचारा की गिट्टी क्रश करून बनवलेली रेती का नाही वापरली. इंजिनिअरने मिक्स डिझाइन (मिश्रणाचं प्रमाण) करून दिलं तर काँक्रीटला ती चालते. दर वाढला हे तर मुदतवाढीचं कारण नाहीच, तो पैशाचा प्रश्न आहे, करारात दरवाढीचं कलम असेल तर तिथे मागावा.

६. गेलेले दिवस भरून काढायला ठेकेदार स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढतो म्हणतोय. काढू देऊ का?

नाही. हात जोडून सांगतो, नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्यापुढे २१ दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल, आणि बाजारात बहुतेक तेच मिळतं, तर ताकद हळू येते म्हणून इंजिनिअर अजून थांबायला सांगतो. वेळ भरून काढायची असेल तर माणसं वाढवा, खाली वीटकाम सुरू करा, खिडक्यांचं माप आधी देऊन ठेवा. काँक्रीटचा वेळ काँक्रीटलाच द्यायचा.

७. "आम्हाला मुदतवाढ मिळाली आहे" असं बिल्डर म्हणतो. म्हणजे काय मिळालं असतं?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक एकच शब्द वापरतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक आहे बांधकाम परवानगीचं नूतनीकरण, ते महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांच्या हद्दीत प्लॉट आहे ते करतात, परवानगी एका वर्षाची असते आणि तेवढ्यात काम सुरूच झालं नाही तर ती वाढवून घ्यावी लागते. दुसरी रेरा नोंदणीची मुदतवाढ (प्र. ८). तिसरी म्हणजे तुमच्या करारातली तारीख पुढे जाणं, आणि ती तुमच्या सहीशिवाय किंवा करारात आधीच लिहिलेल्या कारणाशिवाय जात नाही. पहिल्या दोन मिळाल्या म्हणून तिसरी आपोआप मिळत नाही. बिल्डरने पत्र दाखवलं की ते यातलं कोणतं आहे ते आधी बघा.

८. रेरा किती मुदतवाढ देऊ शकतं?

कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि इतर नैसर्गिक आपत्ती एवढीच नावं आहेत. याशिवाय बिल्डरची चूक नसेल आणि परिस्थिती तशी असेल तर सगळी मिळून जास्तीत जास्त १ वर्ष. त्याच्या पुढे अपवाद म्हणून काम पूर्ण व्हावं यासाठी अटी घालून नोंदणी चालू ठेवता येते, आणि तेव्हा सहसा ५१ टक्के फ्लॅटधारकांची संमती मागितली जाते.

ती संमतीची चिठ्ठी घेऊन कोणी दारात आलं तर पूर्ण वाचा. काम व्हावं म्हणून संमती देण्यात चूक काही नाही, माझा तर सल्ला असतो की इमारत ८० टक्के उभी असेल तर द्या, पण त्याच कागदात "उशिराबद्दल कोणताही दावा करणार नाही" अशी एक ओळ घुसवलेली असते, ती खोडून, बाजूला सही करून मगच द्या. आणि नोंदणी संपलीच, बिल्डरने हातच वर केले, तर उरलेलं काम करून घ्यायचा पहिला हक्क फ्लॅटधारकांच्या संघटनेचा असतो, म्हणून संघटना आधीच बनवून ठेवा.

९. रेराने मुदतवाढ दिली असेल तर माझं व्याज गेलं का?

नाही गेलं. उशिराच्या भरपाईचं रेरा कायद्यातलं कलम १८ करारातल्या तारखेवर चालतं (प्र. १). तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत, बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत, थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. परतीचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरच्या अडचणींवर तो अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात म्हटलंय. थांबणाऱ्यांच्या बाबतीत मात्र लॉकडाऊनसारखा काळ हिशेबातून वगळला जाऊ शकतो, तेवढं मनात धरून चला.

व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेचा सर्वात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जव्याजाचा आधारदर) अधिक २ टक्के असा आहे. समजा तो मिळून ११ टक्के झाला आणि तुम्ही ३० लाख भरलेत, तर वर्षाचे ३ लाख ३० हजार, महिन्याला २७,५००. करारात बिल्डरने "चौरस फुटाला महिना ५ रुपये" असं लिहिलेलं असतं आणि लोक तेच खरं धरून गप्प बसतात, बसू नका. एकतर्फी कलमं ग्राहकावर बंधनकारक नाहीत हे पायोनिअर अर्बनच्या निकालात (२०१९) आलेलं आहे.

१०. आमची स्कीम छोटी आहे, ३००० फुटांच्या प्लॉटवर ६ फ्लॅट. रेरात नंबरच नाही म्हणे. आणि करारात तारीख पण नाही. मग?

नागपुरात अशा स्कीम गल्लोगल्ली आहेत. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत (साधारण ५,३८० चौरस फूट) किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर रेरा नोंदणी सक्तीची नाही, म्हणजे बिल्डर खोटं बोलत नाहीये. पण दाद मागायचा रस्ता बंद होत नाही, ग्राहक आयोग आहे. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. तारीख नसेल तर "वाजवी काळ" धरतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात ३ वर्षं हा वाजवी काळ मानला होता. शिवाय अशा स्कीममध्ये लेआउटचे कागद आधी बघा, गुंठेवारीतला प्लॉट असेल आणि नियमितीकरणाचं पत्र म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ते नसेल तर मंजुरी खरंच अडकते, आणि तो उशीर तुम्ही बयाणा दिला त्या दिवशीच ठरलेला असतो.

११. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधतोय. ठेकेदार चार महिने लेट आहे. शेवटच्या बिलातून पैसे कापू शकतो का?

तुम्ही आधी कळवलं होतं का? भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ५५ मध्ये एक गोष्ट आहे जी प्रत्येक घर बांधणाऱ्याने लक्षात ठेवावी. ठरलेली वेळ टळून गेली, तरी तुम्ही काम स्वीकारत राहिलात, आणि त्या वेळी "उशिराची भरपाई मी मागणार आहे" असं कळवलं नाही, तर नंतर ती मागता येत नाही. माझ्या घराच्या वेळी माझं हेच झालं. ठेकेदार ओळखीतला, रोज चहा सोबत, तारीख टळली तेव्हा मी म्हटलं जाऊ द्या, बघून घेतील, आणि १९ व्या महिन्यात हिशेबाला बसलो तेव्हा माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती. भाड्याच्या घराचे ८ महिने माझ्याच खिशातून गेले. मी इंजिनिअर असून ही गत.

म्हणून तारीख टळली त्याच आठवड्यात एक साधा मेसेज टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, ईमेल असेल तर अजून चांगलं: काम अमुक तारखेला संपायचं होतं, संपलं नाही, काम चालू ठेवा, पण उशिराच्या भरपाईचा माझा हक्क राखून ठेवतो. करारात दर आठवड्याची कपात लिहिली असेल तर ती वाजवी असायला हवी, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढंच देतं.

१२. मी ठेकेदार आहे. मालकाने तीनदा किचनची जागा बदलली, आता लेट झालं म्हणून मलाच बोलतो.

हे पण तितकंच होतं, आणि मालक लोकांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. ओटा इकडचा तिकडे करायला घरच्यांना एक संध्याकाळ लागते, साइटवर मात्र पाण्याची लाइन, ड्रेनेज, लाइटचे पॉइंट, वीटकाम, सगळं फोडून पुन्हा होतं. ते दिवस मालकाचे. पण तुम्हीही तोंडी हो म्हणून कामाला लागू नका. बदल सांगितला त्याच दिवशी लिहा की यासाठी इतके दिवस आणि इतके पैसे जास्त लागतील. साइटवर एक रजिस्टर ठेवा, आज किती मिस्त्री, किती कुली, काय काम झालं, काय अडलं, कोणामुळे, आणि आठवड्यातून एकदा मालकाची सही घ्या. मालकाचा हप्ता उशिरा आला तर तेही त्यातच. वर्षभराने कोणाला काही आठवत नाही.

१३. टाइल्स २० दिवस उशिरा आल्या, म्हणजे २० दिवस वाढ पक्की ना?

टाइल्स यायच्या होत्या तेव्हा प्लास्टर झालेलं होतं का ते सांगा. प्लास्टरच अजून १५ दिवस बाकी होतं तर टाइल्स आल्या असत्या तरी पडूनच राहिल्या असत्या, म्हणजे खरा उशीर ५ दिवसांचा. ज्या कामांची साखळी पूर्ण इमारतीची तारीख ठरवते तिला क्रिटिकल पाथ म्हणतात, फुटिंग, कॉलम, स्लॅब अशी ती जाते, आणि मुदतवाढ फक्त त्या साखळीवर धक्का बसला तरच. गेट, कंपाउंड, पेंट यांचा उशीर सहसा त्यात येत नाही.

१४. एकाच वेळी दोघांची चूक असेल तर? मालकाने ड्रॉइंग दिलं नाही आणि ठेकेदाराकडे पण माणसं नव्हती.

साधारण रीत अशी की ठेकेदाराला वेळ मिळते पण बसून राहिल्याचे पैसे मिळत नाहीत, आणि मालकाला त्या दिवसांची कपात करता येत नाही. दोघं आपापलं नुकसान सोसतात.

१५. सरकारी कामांना इतकी मुदतवाढ कशी मिळते?

कारण तिथे जमीन हातात यायच्या आधीच कामाचा आदेश निघतो, हे माझं स्पष्ट मत. गोसेखुर्द धरण बघा, १९८८ मध्ये भूमिपूजन, तेव्हाचा खर्च ३७२ कोटी, पुढे एका टप्प्यावर सुधारित १८,४९४ कोटी, आणि मध्ये गेली ती वर्षं भूसंपादनात, पुनर्वसनात, कालव्यांच्या कामात. गावंच्या गावं त्या पाण्यात गेली, त्यामुळे हा नुसता आकड्यांचा विषय नाही. त्याच्या बाजूला नागपूर मेट्रो ठेवा, २०१४ मध्ये भूमिपूजन, मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी सुरू, डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याच्या उरलेल्या मार्गिकाही सुरू.

ठेकेदारांसाठी नियम कडक आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदेत अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि मूळ मुदत संपायच्या आधी, कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करायचा असतो. छोटे ठेकेदार काम संपताना सगळे अर्ज एकदम लिहितात आणि तिथेच मार खातात.

१६. बिल्डर लेट आहे म्हणून मी हप्ते थांबवू का?

स्वतःच्या मनाने थांबवू नका, कायद्याने हप्ता वेळेवर देणं तुमचंही कर्तव्य आहे आणि तेच व्याज उलट तुमच्यावर लागतं. मात्र मागणी कामाच्या टप्प्याप्रमाणे आहे का ते बघा. महाराष्ट्राच्या नमुना करारात प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) एकूण ४५ टक्के आणि सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्के अशी वरची मर्यादा आहे. तिसऱ्या स्लॅबला कोणी ७० टक्के मागत असेल तर लेखी विचारा. बँकेचा ईएमआय मात्र चुकवू नका, बँकेशी तुमचा व्यवहार वेगळा आहे.

१७. चावी देतो म्हणतात पण ओसी नाही. ताबा झाला असं धरायचं का?

नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेला ताबा हा कायदेशीर ताबा नाही, व्याजाचा काळ चालूच राहतो. प्रमाणपत्र आल्यावर मात्र २ महिन्यांत ताबा घेणं तुमच्यावर आहे. घरभाडं आणि ईएमआय दोन्ही भरून थकलेली माणसं चावी घेतात, मी त्यांना दोष देत नाही, फक्त घेताना लिहून द्या की फर्निचरच्या कामासाठी घेतोय, ताबा म्हणून नाही.

१८. ताबा घेतला, विक्रीपत्र झालं, सोसायटी झाली. आता उशिराचे पैसे मागता येतात का?

येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये डीएलएफ सदर्न होम्सच्या प्रकरणात सांगितलं की विक्रीपत्र करून घेतलं म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क संपत नाही, घर हवं की भरपाई अशी निवड ग्राहकावर लादता येत नाही. तो निकाल ग्राहक कायद्याखालचा आहे, त्यामुळे प्र. १० मधली २ वर्षांची मुदत इथेही बघा. ताबा पावतीवर "माझी कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असतं, त्याखाली हाताने एवढंच लिहा: "उशिराच्या व्याजाचा हक्क राखून सही करत आहे", तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा. लिहू देत नसतील तर सही करून बाहेर या आणि त्याच दिवशी ईमेल करा.